तीन बोटं हनुवटीवर

प्राण्यांवर संशोधन करणाऱ्या त्या संस्थेत मावशींनी बावीस वर्षं पिंजरे धुतले. तिथल्या चिंपांझी मादीला सगळे म्हातारी म्हणत. साहेबलोकांनी तिला हातांच्या खुणांनी बोलायला शिकवलं होतं. साहेब येत-जात राहिले. तिच्याशी रोज बोलायला उरल्या त्या मावशीच. एकदा मावशींचा हात भाजला, तर म्हातारीनं गजांतून बोट काढून पट्टीला अलगद लावलं आणि 'दुखतंय का?' अशी खूण केली. घरी कुणी एवढंही विचारलं नव्हतं.

मग नवे साहेब आले. महिनाभर कागद चाळून त्यांनी निकाल दिला: ही खाण्यापुरत्या खुणा करते, हिला भाषा नाही की समज नाही. प्रयोग बंद, म्हातारीची रवानगी दुसरीकडे.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फडकं बादलीत आपटून त्या साहेबांच्या खोलीत शिरल्या.

"साहेब, माझा नवरा चाळीस वर्षं 'वाढ' आणि 'आण' एवढंच बोलतोय. त्याला समज नाही असं लिहून देता का? भिंतीवर टांगते."

साहेब हसले. "मावशी, ती नुसती नक्कल करते."

"माझा हात भाजला तेव्हा कुणाची नक्कल केली? तेव्हाच्या साहेबांनी तर कुणी साधं विचारलंही नाही!"

"अशा गोष्टी मोजता येत नाहीत."

"मग तुमची पट्टी तोकडी म्हणा! तिचं डोकं कशाला तोकडं ठरवता?"

पण पालथ्या घड्यावर पाणी. म्हातारीला गाडीत घालून नेलंच.

दोन महिन्यांनी रजा काढून मावशी तिला पाहायला गेल्या. दुपारचं ऊन पिंजऱ्यावर रणरणत होतं. म्हातारी हाडांचा सापळा झाली होती. तिथला रखवालदार म्हणाला, "हिला वेड लागलंय. दिवसभर तीन बोटं हनुवटीवर आपटते."

"वेड? अरे, पाणी मागतेय ती! दोन महिने पाणी मागतेय!"

तो चपापला. "सकाळ-संध्याकाळ देतो की. मला कुणी सांगितलंच नाही."

त्यानं धावत जाऊन बादली आणली. म्हातारी किती वेळ पीत राहिली. रखवालदारावर काय रागवायचं? बोलायला शिकवून जिथं कुणालाच कळत नाही तिथं हिला टाकणाऱ्यांना मात्र मावशींनी शेलक्या शिव्या हासडल्या.

मग त्यांनी पदर खोचला आणि रखवालदाराला समोर बसवून एकेक खूण शिकवली. तो चुकला की म्हातारी स्वतः करून दाखवायची.

मावशी निघाल्या तेव्हा म्हातारीनं हात हलवला.

"मला बोलावतेय का?" रखवालदारानं विचारलं.

"मला," मावशी म्हणाल्या, आणि पुन्हा आत जाऊन बसल्या.