पुदिन्याची बाज

लग्न होऊन मी सोनपेठजवळच्या गावात आले, तेव्हा सासरी माझ्याबद्दल दोनच तक्रारी होत्या. भाकरी जाड थापते आणि नको तिथं नाक खुपसते. भाकरी पुढं सुधारली.

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जेवण झालं की पोटात कळ यायची. मानवतच्या एका हकिमानं वाळलेला पुदिना, ओवा आणि काळं मीठ कुटून घ्यायला सांगितलं, तेव्हापासून अन्न अंगी लागायला लागलं. पण आमच्याकडचा पुदिना उन्हाळ्यात जळून जातो. म्हणून फाल्गुनातच तो वाळवून ठेवावा लागायचा. आत्याबाई, माझ्या सासूबाई, तो धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, कडक उन्हात पसरायच्या. दोन दिवसांत तो काळा पडायचा आणि त्याला कडब्याचा वास यायचा. मामंजी तेच चूर्ण मुकाट्यानं घ्यायचे आणि वैशाखात अर्ध्या भाकरीवरून उठायचे. मला ते बघवायचं नाही.

भिंतीपलीकडं एक मुसलमान बाई राहायची. तिचा नवरा चावडीवर शिपाई होता. सगळं गाव तिला खाला म्हणायचं. तिच्या बरणीतला वाळला पुदिना ज्येष्ठातही हिरवा असायचा. झाकण उघडलं की वास आमच्या ओसरीपर्यंत यायचा. हे कसं होतं, या विचारानं मला चैन पडेना.

त्यात आमचं रोपही मेलेलं. मागून आणलेला पुदिना जीव धरत नाही, तो चोरूनच आणावा, हे दोन्ही घरांना मान्य होतं. आत्याबाईंनी मागून आणला तिथंच चुकलं, असं ठरलं आणि चोरीचं काम माझ्याकडं आलं. मी पाण्याच्या निमित्तानं घागर घेऊन गेले तर खाला अंगणातच बसलेली. तिनं माझ्याकडं पाहिलं, पाठ फिरवली आणि कोंबडीला मोठ्यानं विचारलं, "काय गं, आज अंडं कुठं घातलंस?" कोंबडीचं सगळं ऐकून होईपर्यंत ती काही वळली नाही. मी मुळासकट तीन काड्या उपटून आणल्या. न्हाणीच्या पाण्यावर त्या हां हां म्हणता पसरल्या.

आता वाळवायचा कसा? मी खालाचं अंगण पाहिलं, आमच्या धाब्यावरून तिचं धाबं पाहिलं, कपड्यांची वळणीसुद्धा पाहिली. पुदिना कुठंच दिसेना. शेवटी मी सरळ विचारलं.

"ये, दाखवते," खाला म्हणाली आणि मला आतल्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेली. तिच्या सुतळीच्या बाजेवर धुतलेलं धोतर अंथरलं होतं आणि त्यावर एकेक पान सुटं पसरलेलं होतं.

"ऊन वास पिऊन टाकतंय. वरून सावली पायजे अन् खालून वारा."

"मग तुमी झोपता कुठं?"

"भुईवर. चार दिसाचं तर काम हाय."

आमच्या घरात बाज एकच, मामंजींची. त्यांच्यापुढं बोलायची मला सोय नव्हती. आत्याबाईंनी हसत हसत सांगितलं. मामंजींनी घोंगडी उचलली आणि खाली अंथरली. "त्याला झोपू द्या निवांत," ते म्हणाले. "मी हाय हितं."

त्या वैशाखात त्यांनी पूर्ण भाकरी खाल्ली आणि वर चतकोर मागितली. मी चुलीकडं तोंड करून रडले. धुराचं निमित्त बरं असतं.

निजामाचं राज्य गेलं त्या पावसाळ्यात खाला भीतीनं लेकरं घेऊन भावाकडं गेली. दिवाळीनंतर परतली तेव्हा तिची भिंत पडलेली होती, बरणी गेलेली होती आणि पुदिना ढोरांनी चिखलात तुडवला होता. एका सकाळी ती आमच्या न्हाणीजवळ येऊन नुसतीच उभी राहिली. तिच्या ओंजळीत सगळा वाफाच उपटून द्यावा असं वाटलं. मी वाकलेसुद्धा. मग आठवलं, दिलेला जगत नाही.

आमच्याकडं कोंबडी नव्हती. मी पाठ फिरवली आणि म्हशीला मोठ्यानं विचारलं, "काय गं, आज दूध का कमी दिलंस?"

म्हशीशी मी बराच वेळ बोलत राहिले. वळून पाहिलं तेव्हा खाला गेली होती आणि वाफ्यात तीन काड्या कमी होत्या.