कातेल्लोचं शेवटचं प्लॅस्टर

माझे दाजी कातेल्लो कॉफी प्यायला आले की कपावर पांढरी बोटं उमटायची. पॉम्पेईच्या उत्खननाच्या फाटकासमोर माझी टपरी आहे, आणि ते कप घासण्यात माझा जन्म गेला. थोरल्या बहिणीचा नवरा, त्याला बोलणार कोण? मी बोलायचे म्हणा.

"दाजी, गावातलं पाणी आटलं का? हात तरी धुवा."

"धुतल्यानं जातं होय गं हे?" असं म्हणत ते दुसऱ्या कपाला हात घालायचे.

त्यांचं काम पोकळीत प्लॅस्टर ओतायचं. ज्वालामुखीच्या राखेत गाडलेलं माणूस, लाकूड, झाडाची मुळं, सगळं कुजून जातं, पण राख दगडासारखी घट्ट झालेली, त्यामुळे त्या आकाराची पोकळी तशीच राहते. खणताना थापीखाली पोकळ आवाज आला की सगळे थांबतात आणि दाजींना हाक जाते. भोक पाडून पातळ प्लॅस्टर ओतायचं, ते घट्ट झालं की भोवतालची राख काढायची. आत काय होतं ते तोवर कोणालाच कळत नाही. याहून उत्कंठेचं काम जगात दुसरं नसेल!

पण दाजींचं नशीब असं, की त्यांच्या पोकळीतून कधी माणूस म्हणून निघाला नाही. अंजिराची मुळं निघाली, कपाट निघालं, एकदा पलंगाचा नुसता पाय निघाला. दुसऱ्या तुकडीतल्या सोस्सियोच्या हाताला मात्र माणसं लागायची. तो टपरीवर येऊन मुद्दाम मोठ्यानं विचारायचा, "काय सुतारमास्तर, आज खुर्ची की टेबल?" दाजी हसायचे. पण ते त्यांना लागायचं, मला दिसायचं.

आणि निवृत्तीच्या अगदी शेवटच्या आठवड्यात ते धावत टपरीवर आले. या वयात धावत!

"एन्झा, उभी आहे! पोकळी उभी आहे, माणसाएवढी! ओतलं आत्ताच, किती बादल्या गेल्या म्हणून सांगू!"

कॉफी न पिताच परत पळाले.  मादोन्ना, मेरीमाते, म्हटलं, जाता जाता एक तरी माणूस दे गं या माणसाला.

माझ्या बहिणीनं, पाल्मिरानं, मात्र घरात वेगळंच सुरू केलं. आमची आई नेपल्सला जाऊन एका बेवारस कवटीची देखभाल करायची, पुसायची, त्या अनोळखी आत्म्याला शांती मिळावी म्हणून तिच्यापुढे दिवा लावायची. पाल्मिरानं तोच वसा घेतलेला. सोस्सियोला सापडलेल्या प्रत्येकाला तिनं नाव ठेवलंय, आणि दर सोमवारी त्या सगळ्यांसाठी दिवे लावते.

"माझ्याकडे मेलेल्यांची गर्दी झाली आहे," ती जेवणाच्या टेबलावर म्हणाली. "आणखी एकही नको. ती पोकळी कोणाचीही निघू नये."

"शेवटचा एक माणूस मागतोय गं मी, पाल्मिरा. आयुष्यात एकच."

"म्हणजे कोणीतरी मेलेलं असावं असं मागतोयस. लाज वाटत नाही?"

"माझ्या मागण्यानं तो थोडाच मरणार आहे? रोमन लोकांच्या काळात मेलाय तो!"

"मेलाय की नाही ते अजून कुठे ठरलंय? राख काढल्यावर ठरेल."

  दोघं देवळात गेले, ते डावीकडे मेणबत्ती लावून आले, ती उजवीकडे. एकाच घरातून एकाच मादोन्नाकडे दोन उलटे अर्ज! वर दाजींनी आमच्या पाद्रीबाबांना, डॉन लिबोरियोला, सांगून रविवारची प्रार्थनाही ठरवून टाकली, सापडणाऱ्या अनाम मृताच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून. पाल्मिरानं त्यांच्याशी बोलणं सोडलं.

राख काढायच्या दिवशी मी टपरी बंद केली. खोदकामाच्या मुख्य बाईंनी आम्हा बहिणींना दोरीशी उभं राहू दिलं. दाजी ब्रशनं राख सारत होते. वरून पांढरं काहीतरी दिसलं.

"खांदा!" दाजी ओरडले. 

खांद्याला कोपरा होता. कोपऱ्याखाली फळी आली, फळीवर खिळ्यांची डोकी.

"सुतारमास्तर!" सोस्सियो खदखदा हसला. "दार!"

सगळेच हसले. दाजी पालथ्या बादलीवर बसले आणि त्यांनी ब्रश खाली ठेवला. मला रडूच आलं. शेवटचं प्लॅस्टर, आणि दार!

इतक्यात पाल्मिरा दोरीखालून आत घुसली. "उघडं आहे! कडी काढलेली आहे! बाई, बघा ना!"

मुख्य बाई वाकल्या. दार सताड उघडं होतं, कडी मागे सारलेली. खोली आधीच खणून झाली होती, तिथे कोणीच सापडलं नव्हतं. "हो," त्या म्हणाल्या, "इथली माणसं वेळेत बाहेर पडली असावीत." पाल्मिरानं त्यांचे दोन्ही गाल चुंबले.

"वहिनी, पुढे रस्त्यात राखेनं गाठलं असेल त्यांना," सोस्सियो म्हणाला.

"रस्त्याचं तुझं तू बघ! या दारातून ती जिवंत गेली!" मग ती बादलीपाशी गेली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याशी बोलली. "कातेल्लो, तुझी मुळं, तुझं कपाट, तो पलंगाचा पाय. वेड्या, इतक्या वर्षांत तुझ्या हाताखाली एकही माणूस मेलेला निघाला नाही. एकही नाही!"

 दाजी उठले, दाराशी गेले, कडीवरची राख त्यांनी बोटानं पुसली. "उघडं आहे!" ते ओरडले. "सोस्सियो, इकडे ये, बघ, उघडं आहे!" जसं काही त्यांनी स्वतःच ते उघडलं होतं.

रविवारी देवळात डॉन लिबोरियोनं दाजींना जवळ बोलावून विचारलं, "मृताचं काही नाव ठेवलंत?"

"फादर, त्यांना मेलेल्यांत धरू नका," दाजी म्हणाले. "प्रवासाला निघालेल्यांसाठी प्रार्थना असते ना, ती म्हणा."

डॉन लिबोरियोनं तीच म्हटली. सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणाला तो सोस्सियो.