बी नसलेलं झाड

परबवहिनी गेल्याचं मला लिफ्टसमोर कळलं. पहाटे हॉस्पिटलातच गेल्या, असं वॉचमन म्हणाला. जुईनगरच्या आमच्या सोसायटीत सत्तावीस वर्षं त्या पहिल्या मजल्यावर आणि मी त्यांच्या बरोबर खाली. बातमी ऐकून माणूस जिना चढतो. मी मात्र इमारतीच्या मागे गेले आणि पाण्याच्या टाकीजवळच्या नीरफणसाच्या मुळाशी वाकून पाहिलं. काही नव्हतं... मग स्वतःचीच लाज वाटली आणि वर गेले. त्या दिवशी मी आधी झाडाकडे का गेले, हे त्यांच्या घरच्यांनाही मी अजून नीट सांगितलेलं नाही.

मी साताऱ्याची. फणस ठाऊक, नीरफणस कधी पाहिला नव्हता. नव्याने राहायला आल्यावर वहिनी एकदा ताटली घेऊन आल्या. रव्यात घोळून तळलेली, लालसर, गोल कापं. मी लगेच म्हणाले, आज गुरुवार, मी मासे खात नाही. वहिनी दाराची चौकट धरून इतक्या हसल्या की वरून त्यांचे मिस्टर काय झालं म्हणून विचारायला आले. नंतर कितीतरी वर्षं त्या माझी ओळख 'गुरुवारची मीना' अशीच करून द्यायच्या.

त्या झाडाने त्यांना एक खोड लावली होती. दिसेल त्या झाडाचं पान तोडायचं आणि देठातून पांढरा चीक येतो का बघायचं. आम्ही फिरायला निघालो की वड झाला, उंबर झाला, बागेतली तुती झाली, जिन्याच्या भिंतीतून फुटलेला पिंपळसुद्धा त्यांनी सोडला नाही. चिकट बोट माझ्या नाकासमोर धरून म्हणायच्या, ही सगळी नीरफणसाची भावकी. मला ते थोतांड वाटायचं, कारण चीक रुईलाही येतो. पण माझ्या नातीने तिच्या पुस्तकात पाहिलं तर ही मंडळी खरंच एका कुळातली निघाली. वहिनींना सांगितलं, तर त्यांना काडीचं आश्चर्य वाटलं नाही. रुईचं तेवढं त्या कबूल करायच्या नाहीत.

मला मात्र एक प्रश्न छळायचा. यांच्या नीरफणसात बीच नसायची. मग हे झाड वहिनींच्या माहेरून, वेंगुर्ल्याहून, इथे आलं कसं? एकदा विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बी नाय ह्येका. मूळ दुखवूक लागता." पाऊस तोंडावर आला की जमिनीलगतच्या मुळावर कोयत्याने घाव घालायचा आणि त्यावर माती, पालापाचोळा ओढायचा. जखमेतून कोंब येतो. चार पानं आली की मुळाच्या तुकड्यासकट काढायचा. वहिनींच्या आजीने तो माहेरून आणला, आईने आजीच्या अंगणातून, आणि वहिनींनी ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीने इथवर. म्हणजे आजीच्या माहेरच्या झाडापासून या झाडापर्यंत, एकच झाड म्हणायचं की चार? मी कितीतरी दिवस त्यावर विचार करत होते. त्या म्हणायच्या, तुला रिकामा वेळ फार.

दोन वर्षांपूर्वी वादळात त्यांच्या आईच्या अंगणातलं झाड पडलं. त्याच सुमारास आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. नकाशात टाकीच्या जागी पार्किंग होतं. आजीकडची आधीच गेलेली. आता त्या घराण्याचं हे शेवटचं झाड, आणि तेही जाणार. वहिनी माझ्याशी काही बोलल्या नाहीत. गेल्या जूनच्या तोंडावर मला मुळावर तीन ताजे घाव दिसले. गाड्यांच्या जागेसाठी काही जण त्या झाडावर आधीपासून टपलेलेच होते. मी सेक्रेटरी. माझं डोकं फिरलं; वहिनींचं ते मूळ दुखवणं मला आठवलंसुद्धा नाही. फळ्यावर कडक नोटीस लावली, प्लंबरकडून उरलेलं सिमेंट मागून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी तिन्ही जखमा लिंपल्या. पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी नोटीस वाचून माझ्या दारात आल्या. "अगो, जखमच बुजवलंस? थयसूनच कोंब येवचो होतो."

करायला गेले गणपती नि झाला मारुती. आधी का नाही सांगितलंत, म्हटलं, तर म्हणाल्या, सोसायटीच्या झाडाला हात लावायचा म्हटल्यावर तू मीटिंग बोलावली असतीस. खरंच बोलावली असती. सिमेंट खरवडायला गेले तर मूळच सोलायला लागलं, म्हणून तसंच सोडलं. त्या पावसाळ्यात काहीच फुटलं नाही. वहिनी एका शब्दाने टाकून बोलल्या नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

यंदा मेअखेर आजारी वहिनींना खुर्चीत बसवून खाली आणलं. त्यांच्याने वाकवत नव्हतं. कोयता माझ्या हातात देऊन म्हणाल्या, घाल. मी कोयता मुळावर टेकवला आणि पुन्हा उचलला. "घाबरतंस कित्याक? झाड काय तुझ्यासारखा रडूबाई नाय." मी दोन घाव घातले, माती ओढली. त्यानंतर बरोब्बर तीन आठवड्यांनी त्या गेल्या.

त्यांच्या दिवसांतही मी रोज सकाळी खाली जाऊन पाला बाजूला करून पाहत होते. माझे दोन्ही घाव जसेच्या तसे, कोरडे. वहिनींची शेवटची एवढीशी गोष्ट माझ्या हातून होत नाही, म्हणून जीव तुटायचा. मग गेल्या मंगळवारी दिसलं... कोंब आला होता, पण माझ्या घावांतून नाही. गेल्या वर्षीच्या सिमेंटला भेग पडली होती आणि तिच्यातून बोटभर हिरवं टोक वर आलं होतं.

मी सवयीने वर बघून "वहिनी" अशी हाक मारली. मग भानावर आले आणि तिथेच उभी राहून रडले. खिडकी उघडली. त्यांची सून रश्मी होती. कोंब आलाय, एवढंच मला सांगता आलं. ती डोळे पुसत म्हणाली, "आईंनी मला सांगून ठेवलेलं. कोंब आला की मीनाताईंना आधी हात दाखवायला सांग, सिमेंट नाही ना बघ."

मी दोन्ही हात वर करून दाखवले.