हेवर्डांची फेरी

त्या सकाळी माझ्या बागेत गाय शिरली होती. निशिगंधाचा अर्धा वाफा तिने संपवला होता आणि फाटक सताड उघडे होते. शांतवन काल संध्याकाळी फेरीला आला नाही वाटते, असे मनाशी म्हणत, थोड्या रागानेच मी तिला हाकलत होतो. तेवढ्यात त्याचा मुलगा प्रमोद समोर येऊन उभा राहिला. "काका, पप्पा गेले. पहाटे... झोपेतच." या गोष्टीला आता दीड महिना होईल. त्या क्षणाआधीचा माझा तो राग मात्र अजून मला सोडत नाही.

शांतवन हेवर्ड पाटबंधारे खात्यात आरेखक होता. नव्वदच्या दशकात नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या गल्लीत घरे झाली, तेव्हापासून आम्ही शेजारी. मोकाट गुरे तेव्हा सर्रास आत शिरत. दिवेलागणीला हा गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाई आणि प्रत्येकाचे फाटक ओढून घेई. कडी लावून झाली की ती दोनदा वाजवून पाहायची त्याची सवय होती. आडनाव ऐकून लोक त्याला गोव्याचा समजत. तो होता चांदवडकडचा. त्याचे पणजोबा तिथल्या एका गावाचे वेसकर होते. वेशीवर निजायचे, उभी पिके राखायची, चुकार गुरे कोंडवाड्यात घालायची आणि हातातली घुंगरकाठी वाजवत गावभर फिरायचे, हे त्यांच्या वाट्याला जन्मानेच आलेले काम. एके दिवशी ती काठी वेशीला टेकवून ते नाशिकला निघून आले. बाप्तिस्मा झाला आणि ज्या पाद्रीसाहेबाने तो दिला, त्याचेच आडनाव घराण्याला लागले.

त्या गावची पाटीलकी आमच्या घराण्यात होती. ओळखीच्या पहिल्याच आठवड्यात हे निघाले. मी अवघडून गेलो, तर तो मोठ्याने हसला. "म्हणजे पाटील, तुमची गुरं आमच्याच हवाली होती म्हणा की!" तेव्हापासून मला तो 'पाटील'च म्हणे. त्यात थट्टा किती आणि आणखी काय किती, हे मला कधी नीट कळले नाही. मी विचारलेही नाही.

शिक्षण संपवून प्रमोद नोकरीसाठी मुलाखती देऊ लागला आणि घरात आडनावाचा वाद सुरू झाला. त्याला ते बदलायचे होते. "पप्पा, जो तो विचारतो, साहेबाचं नाव तुमच्याकडे कसं? दरवेळी मी काय सांगू?" शांतवनला हे फार लागले. "चार पिढ्या या नावानं ताठ मानेनं जगल्या. टाकायचं तर टाक, पण आधी ते काय आहे ते तरी कळू दे." इंग्लंडातली आडनावे सहा-सातशे वर्षांपूर्वी कुणाच्या गावावरून, तर कुणाच्या धंद्यावरून पडली, एवढे त्याने वाचले होते. आपले मूळ एखाद्या पाथरवटात किंवा घंटा ओतणाऱ्या कारागिरात सापडेल, असे त्याला मनापासून वाटे. मीही त्याला भरीस घातले. अखेर एका दुपारी आम्ही दोघे कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत जाऊन बसलो.

पडद्यावर आधी एक जुने चित्र उमटू लागले. वरून खाली, तुकड्यातुकड्याने... तोंडाला शिंग लावलेला माणूस, पिकातून पळणारी गुरे. "काठी आहे बघ त्याच्या हातात," शांतवन म्हणाला. खालचा मजकूर मी सावकाश वाचून दाखवला. हेवर्ड म्हणजे कुंपणांचा राखणदार. मध्ययुगातल्या गावातली उभी पिके राखणारा, चुकार गुरे कोंडवाड्यात नेणारा. पुष्कळदा स्वतःही जमीनदाराशी बांधलेला. माझा आवाज बारीक होत गेला. त्याने चित्रातल्या शिंगावर बोट ठेवले. "तिथं शिंग, इथं घुंगरं. कोंडवाडा मात्र तोच, पाटील."

त्याने प्रमोदपासून काही लपवले नाही. "म्हणजे गाव सोडून आपण पुन्हा वेशीवरच," एवढेच प्रमोद म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून शांतवनची फेरी थांबली. "हेवर्डसाहेब, अहो माझी सगळी कोथिंबीर गेली!" समोरच्या काकूंनी तक्रार केली, तेव्हा त्याने गुडघ्याचे कारण सांगितले. गुडघ्याला काही झालेले नव्हते, हे मला ठाऊक होते. त्याच्याजवळ जाऊन बसावे असे रोज वाटे. पण मी जे काही बोललो असतो, ते कोणत्या तोंडाने?

पावसाळा गेला आणि एका संध्याकाळी कडी दोनदा वाजली. मी बाहेर आलो. तो फाटकापलीकडे उभा होता. "पणजोबांना हे काम सांगितलं जायचं, पाटील. नाही म्हणायची सोय नव्हती." कडीवरचा हात त्याने काढला नव्हता. "मला कुणी सांगितलेलं नाही." नावाचेही त्याने प्रमोदवरच सोपवले होते. ठेव किंवा टाक, मी विचारणार नाही. प्रमोदने त्यानंतर तो विषय काढला नाही. आडनाव बदलले नाही आणि ठेवायचे आहे असेही कधी म्हणाला नाही.

मागच्या आठवड्यात प्रमोद माझ्याकडे आला होता. दफनभूमीतल्या दगडावर 'शांतवन' एवढेच कोरून झाले आहे. पुढची जागा मोकळी आहे. "काका, पुढं काय लिहू? तुम्ही सांगाल ते लिहितो."

"ते मी सांगू नये, प्रमोद."

तो मान हलवून निघून गेला. त्याच्या घराण्याने काय करायचे, हे पुष्कळ काळ आमच्या घराण्याने सांगितले होते. म्हणून मी गप्प राहिलो, अशी मी माझी समजूत घालतो. पण वडील गेलेल्या मुलाला मी एकटे तर सोडले नाही ना?

दिवेलागणीला आता मी बाहेर पडतो. गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि येताना शेवटी शांतवनच्या घराशी थांबतो. काल तिथली कडी लावून मी दोनदा वाजवली, तशा त्याच्या पत्नी, रत्नावहिनी, लगबगीने दारात आल्या. मला पाहून उंबऱ्यातच थबकल्या.

"तुम्ही होय... हे काम कुणी सांगितलं हो तुम्हाला?"

"कुणी नाही, वहिनी."