गोठ्यातले रशियन धडे

मोठ्या भावानं मला रशियन शिकवलं ते तो मेल्यानंतर. थट्टा करत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तो इराणात इंग्रजी फौजेची लॉरी चालवायचा, रशियन लोकांना माल पोचवायचा. त्याची लॉरी दरीत गेली, असं सुटीवर आलेल्या त्याच्या सोबत्यानं सांगितलं. प्रेत मिळणार कुठून? रिवाजाप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि अग्नी मी दिला. पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, भाऊ जऊळका स्टेशनावरून चालत घरी आला. केस पांढरे, गालफडं बसलेली, आवाजसुद्धा वेगळा.

भटजींनी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. दहन झालेल्या माणसाला पुन्हा जन्म घ्यावा लागतो म्हणे. तो विधी होईस्तोवर त्याला घरात घ्यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. भावाची रवानगी गोठ्यात झाली. असल्या नेमांचा मला भयंकर संताप. मी पळवाट काढली. रशियनबद्दल भटजी काही बोलले नव्हते.

चारा टाकायला गेलो की भाऊ बोट दाखवून म्हणायचा, ‘एता दोम.’ हे घर. ‘एता मात्.’ ही आई. ‘आहे’ म्हणायची गरजच नाही. ‘मात् दोमा’ म्हणजे आई घरी. नसेल तर मधे ‘न्ये’ घालायचा. विचारायचं असेल तर शब्द तेच, फक्त सूर वर न्यायचा. रोज दिवेलागणीला तो घराच्या दाराकडं बघून सूर चढवायचा, ‘मात् दोमा?’ आतली भांडी वाजायची थांबत. हा आपला भाऊच आहे, असं मी स्वतःला बजावायचो, तरी अंगावर काटा यायचाच.

विधीच्या दिवशी त्याला गुळाच्या मोठ्या कढईत, तूप घातलेल्या पाण्यात, पोटातल्या बाळासारखं मुठी मिटवून बसवलं. आता आईनं नावानं हाक मारली की तो जिवंत. नाही मारली तर जन्मभर गोठा.

आई आली. बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. मग मला म्हणाली, “तुले याची बोली येते ना? त्याले इचार, माहा पोरगा कुठी आहे?”

“ग्द्ये सिन?” मी विचारलं. मुलगा कुठे?

“सिन ज्द्येस,” भाऊ म्हणाला. त्याच्या मुठी मिटलेल्याच होत्या.

“काय म्हनते थो?”

“अठीच आहे म्हनते.”

आईनं मान डोलावली. तिनं गोठ्यात डोकावून पाहिलं. कडब्याच्या गंजीमागं पाहिलं. मग पुतळ्यासाठी पानं तोडली होती त्या पळसाच्या बांधाकडं तोंड करून ती माझ्या भावाला नावानं हाका मारू लागली. भाऊ कढईतून ओ देत होता, आणि ती हाका मारतच राहिली.