पाटलीणबाईंच्या मोरीला दगडी पंख

आधी तो कप खाली ठेवा. मागच्या खेपेला हे सांगितलं तेव्हा एकाच्या धोतरावर चहा सांडला, आणि त्याच्या बायकोनं दोष मात्र मला दिला. फजिती माझी ती माझी, वर आणखी धोतराचं पाप कशाला घ्या?

चौतीस-पस्तीस सालची गोष्ट असेल. मी नाशिकचा, नवाकोरा ओव्हरसियर, आणि तोही हंगामी. निफाडकडं उसाला पाटाचं पाणी पाजून पाजून काळी जमीन चिबड झाली होती. ते पाणी काढून द्यायला सरकारनं चर खणले. चर जिथं गाडीरस्त्याला आडवा यायचा, तिथं रस्त्याखालून नळ टाकलेला. तीच मोरी. पण नळाच्या दोन्ही तोंडांशी माती ढासळायची, नळ बुजायचा आणि पाणी परत उसात शिरायचं. तर त्या तोंडांना दगडी भिंती आणि माती अडवायला त्या भिंतींना दोन बाजूंना तिरके पंख घालायचे, एवढं माझं काम होतं.

डेप्युटी साहेबांनी बोलावून सांगितलं, "दोन मोऱ्या आहेत. पावसाआधी दोन्ही झाल्या तर तुम्हाला कायम करतो. एक जरी राहिली, तर घरी बसा."

घरी बसून कसं चालेल? लग्न ठरलं होतं माझं. आणि सासरे म्हणाले होते, "जावईबापू, तुम्ही कायम झालात की मुहूर्त काढू."

झालं, मी पेटलो. मनाशी पक्कं केलं, आता आभाळ कोसळलं तरी दोन्ही मोऱ्या वेळेत. एका मोरीवर मी स्वतः उभा राहणार आणि दुसरी चांदवडच्या उस्मानमिस्त्रीच्या हवाली करणार. ही दुसरी पाटलांच्या शेतालगत होती, म्हणून तिचं नावच पाटलांची मोरी. इथंच माशी शिंकली, पण ती मला ऐकू आली नाही.

पाटलांच्या घरी गेलो, तर पाटील गावाला गेलेले. पाटलीणबाई दारात आल्या. मी रुबाबात म्हणालो, "तुमच्या मोरीला सरकारी खर्चानं दगडी भिंती घालायच्यात. माझी माणसं येतील, त्यांना मोरी तेवढी दाखवा."

बाईंचे डोळे भरून आले. "सरकारला कसं कळलं हो? मी किती वरसं सांगती आमच्या यांना. नुसता गाळ झालाय तिथं, पाय ठेवाया जागा नाय."

"सरकारला सगळं कळतं," मी म्हणालो. शेतातला ऊस बुडतोय म्हणून बाईमाणसाला इतकं वाईट वाटावं, याचं मला कौतुकच वाटलं.

तिथून उस्मानमिस्त्रीकडं. त्याला म्हणालो, "पाटलांची मोरी. जागा पाटलीणबाई दाखवतील. दोन्हीकडनं भिंत, भिंतीला दोन बाजूंनी पंख, घडीव दगड. आणि हे बघ मिस्त्री, सवाल-जवाब नकोत. मला वेळ नाही."

"जी साहेब," मिस्त्री म्हणाला. माणूस शब्दाचा पक्का, हेच नडलं.

दोन्ही कामांवर चुना पोचवायला सखारामची बैलगाडी होती. तोच निरोप आणायचा. एकदा आला आणि म्हणाला, "सायेब, मिस्त्री इचारतोय, खाली फरशी घालायची का? बाई म्हणत्यात पाय घसरतो."

"फरशी हवीच," मी म्हणालो. "नाहीतर पाणी खालची माती खाऊन टाकतं."

पुढच्या खेपेला, "बाई म्हणत्यात भित आजून उंच करा. रस्त्यावरनं आतलं समदं दिसतं."

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? मी समजलो, गाडीचे बैल खालचं पाणी बघून बुजत असतील. "करा उंच," म्हणालो.

"किती?"

"पार दिसेनासं होईल इतकी."

त्यानंतरचा निरोप, "दार बसवायचं का?" मोरीला दार? मग वाटलं, पाणी अडवायची फळी म्हणत असतील. कल्पना मोठी नामी होती. मिस्त्री डोक्यानं काम करतोय म्हणून मी खूश झालो आणि सखारामला सांगितलं, "बसवा. सागवानी बसवा."

सखाराम गाडीवर चढला. "सायेब, बाईंचा लय आशीर्वाद हाय तुमाला," एवढं बोलून त्यानं बैल हाकले.

माझी मोरी पुरी झाली. मिस्त्रीचीही झाल्याचा निरोप आला आणि त्याच दिवशी साहेबांची मोटार आली. आधी माझी मोरी दाखवली, ती पसंत पडली. मग छाती काढून त्यांना पाटलांच्या मोरीवर नेलं. बघतो तर रस्ता तोच, चर तोच, नळही तोच. तोंडाशी ढासळलेली माती जिथल्या तिथं. भिंतीचा पत्ता नाही.

"भिंत कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"कुणी चोरून नेली की काय," असं मी म्हणालो. खरंच म्हणालो हो.

तेवढ्यात पाटलीणबाई नारळ घेऊन आल्या. "साहेब, आमच्या मोरीवर चला. सरकारनं लय पुण्य केलं बघा."

घरामागं नेलं त्यांनी. काय सांगू, इतकं देखणं काम मी जन्मात केलं नव्हतं. घडीव दगडाच्या भिंती, पुरुषभर उंच. खाली फरशी. सागवानी दार. दोन्ही बाजूंना पंख, आणि पंखांवर ओळीनं मांडलेले हंडे. आत आंघोळीचा पाट आणि बादली.

उस्मानमिस्त्री हात बांधून उभा. मी दात-ओठ खात विचारलं, "अरे, हे काय केलंस?"

"साहेब, तुम्हीच बोलले ना, सवाल नको. मला वाटलं, पाटलांचं सरकारात वजन हाय."

साहेबांनी भिंतीवरून हात फिरवला. "काम उत्तम आहे. फक्त याच्यावरून बैलगाडी कशी जाणार, तेवढं सांगा."

साहेब आभाळाकडं बघून म्हणाले, "पाऊस अजून आलेला नाही. तोवर तुम्ही नोकरीत आहात."

मी म्हणालो, भिंत उतरवून तेच दगड तिकडं नेऊ. बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "हात लावून बघा दगडाला." एव्हाना पाटीलही परतले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "ओव्हरसियर, ही भित पडली तर मला घरात ऱ्हाता येणार नाय. दगूड माझ्या बांधावरनं न्या, पण हिला सोडा."

नेले. मी हटलो नाही. मिस्त्रीबरोबर स्वतः दगड उचलले, चुना कालवला, हाताची सालं निघाली. शेवटचा दगड बसवला आणि दुसऱ्या दिवशी पाऊस आला. पाणी मोरीतून सुरळीत गेलं, ऊस कोरडा राहिला. साहेबांनी शब्द पाळला. मी कायम झालो, मुहूर्त निघाला, लग्न लागलं.

हौसेनं हा किस्सा नव्या बायकोला सांगितला. ती हसली नाही. उठली आणि मला हाताला धरून आमच्या घरामागं घेऊन गेली. तिथं आमची मोरी. चार काठ्या आणि त्यांना गुंडाळलेलं गोणपाट, तेही एका बाजूनं फाटलेलं.

"परक्या बाईला घडीव दगड, सागवानी दार," ती म्हणाली. "तुम्ही कायम झालात ते कळलं. आता हे गोणपाट पण कायमच का?"

तिला म्हटलं, पावसाआधी करतो. बरेच पाऊस झाले त्याला. आता चहा घ्या, आणि हात धुवायला मागं जाणार असाल तर जरा खाकरून जा, ती आत असेल.