त्याले सांग, मुंडकं खाली

माझ्या सासऱ्यांनी माझ्याशी थेट बोललेला पहिला शब्द ‘फोर’ हा होता, आणि त्यावर मी टाळ्या वाजवल्या.

तोवर आमच्या लग्नाला आठ महिने झाले होते. जात वेगळी, म्हणून लग्न नोंदणी कचेरीत केलं आणि घरी कळवलं ते सह्या झाल्यावर. सासूबाई पंधरा दिवसांत विरघळल्या. सासऱ्यांनी आरडाओरडा केला नाही, दारही लावलं नाही. फक्त माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं. मी समोर बसलेला असायचो आणि ते मुलीला म्हणायचे, “त्याले विचार, चहा घेते काय.” मी म्हणायचो, “घेतो.” ते त्यांना ऐकू यायचं नाही. मग बायको म्हणायची, “घेतो म्हणतात,” आणि कप यायचा. मला ना घड्याळ हवं होतं, ना अंगठी. त्यांनी एकदा ‘जवाई’ म्हणून हाक मारावी, एवढीच हाव होती.

सासरे छावणीच्या गोल्फ मैदानावर मुकादम होते. निवृत्त झाले तरी रोज सकाळी पाय तिकडेच वळायचे. बदली होऊन गेलेल्या कुण्या साहेबानं सहा जुन्या काठ्या त्यांना दिल्या होत्या, आणि साहेबलोक नसताना खेळायची मुभाही होती. तीस वर्षं नुसतं बघून त्यांनी खेळ उचलला होता. मैदान म्हणजे भेगाळलेली काळी माती, बाभळी आणि बकऱ्या. इतर गावी म्हणे चेंडू घालायच्या भोकाभोवती हिरवळ असते. आमचा उन्हाळा ती टिकू देत नाही, म्हणून जळकं तेल शिंपडून दाबलेल्या वाळूचा एक गोल केलेला असायचा. त्याला सगळे ब्राऊन म्हणत.

दिवाळीच्या सुटीत बायकोनं मला तिथं नेलं, म्हणाली, “खेळ बघा त्यांचा, बरं वाटेल त्यांना.” मी बराच पुढे जाऊन एका बाभळीखाली उभा राहिलो. मागून आवाज आला, “फोर.” मी शाळेत इंग्रजी शिकवणारा आणि रेडिओवरच्या क्रिकेटवर वाढलेला माणूस. मनात म्हटलं, म्हाताऱ्यानं चौका मारला, आणि मारून मला सांगतोय, मला. मी वळलो आणि मनापासून टाळ्या वाजवल्या. चेंडू मांडीवर बसला.

सासरे शांतपणे आले, चेंडू उचलला आणि मुलीला म्हणाले, “त्याले सांग, खेळ पाहाचा असन तर जिता राहा लागते.”

‘फोर’ म्हणजे ‘सांभाळा, चेंडू येतोय’, हे मला बायकोनं समजावलं. ती इतिहासाची पदवीधर. मी लंगडत म्हणालो, “मला शिकायचंय हे.” सासऱ्यांनी आकाशाकडे पाहिलं. “त्याले म्हण, उद्या सहा वाजता ये. मांडी शेकून.”

मग पंधरा दिवस माझं शिक्षण चाललं, दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या गुरूकडून, दुभाषी लावून.

“त्याले सांग, कुदळ नाही ते. गाईचं थान धरते तशी धर काठी.”

सीताबर्डीत दोन खोल्यांत राहणाऱ्या मला दूध फक्त गवळ्याच्या मापातून माहीत. मी जशी धरली, तशी गाय असती तर लाथच खाल्ली असती. काठी फिरवली की चेंडू जागेवर राहायचा आणि ढेकूळ मात्र सुरेख उडायचं.

“विहीर खणाची असन तर फावडं देतो म्हण.”

खरा आजार निराळाच होता. चेंडू कुठे गेला हे बघायला मी मान वर करायचो, तीही चेंडूला काठी लागायच्या आधी. “त्याले सांग, मुंडकं खाली ठेव.” बायको म्हणायची, “बाबा म्हणतात, जरा नजर खाली असू द्या.” सासरे तिच्यावर उखडायचे. “मी काय म्हटलं, अन् तू काय सांगून राहिली वं? मुंडकं म्हण, मुंडकं.”

एकदा बायको तापानं झोपून होती. मी एकटाच सायकल मारत गेलो. आता बोलावंच लागेल, असा माझा हिशेब. सासऱ्यांनी मला पाहिलं, मग बाभळीखालच्या बकरीला पाहिलं, आणि तासभर तिच्याशी बोलले. “तू बरी वं. मुंडकं खाली ठेवून चरते, म्हणून पोट भरते तुयं. काही लोकाईले पोट भराच्या आधीच वर पाहा लागते.” त्या दिवशी माझे दोन चेंडू जमिनीवरून का होईना, सरळ गेले. बकरीचे आभार मानावेत असं वाटलं.

सुटीचा शेवटचा दिवस. सासरे पुढे ब्राऊनवर होते, आमच्याकडे पाठ करून लाकडी फळीनं वाळू सारखी करत होते. बायको माझ्याशेजारी. मी थान धरलं, बकरी आठवली, मुंडकं खाली ठेवलं आणि काठी फिरवली. आवाजच वेगळा आला. चेंडू उडाला, पंधरा दिवसांत पहिल्यांदा, थेट त्या पाठीच्या दिशेनं.

शब्द मला ठाऊक होता. मांडीवरचा डाग अजून पिवळा होता. तोंडातून मात्र निघालं, “मामाजी.”

आठ महिन्यांत मीही त्यांना सासरा म्हणून कधी हाक मारली नव्हती. ते थबकले आणि वळून पाहू लागले. चेंडू एक टप्पा घेऊन त्यांच्या पोटावर लागला, आणि ते पांढऱ्या पायजम्यासकट तेलाच्या वाळूत खाली बसले.

आम्ही धावलो. लागलं फारसं नव्हतं. पोट चोळत त्यांनी मुलीकडे पाहिलं. “त्याले...” म्हणाले आणि थांबले. मग माझ्याकडे वळले. इतक्या जवळून त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं.

“जवाई,” ते म्हणाले, “फोर म्हटलं तं माणूस वाकते. मामाजी म्हटलं तं वळते. शाळेत पोराईले इंग्रजी तुमीच शिकवता काय?”